तिसरा कॅन

नोव्हेंबर लागला की सायमा हाउतालाच्या घरातून सगळे वास हद्दपार व्हायचे. वेलदोड्याचा पाव बंद. कांदा परतणं बंद. खारवलेल्या माशांची बरणी तोंडाला फडकं बांधून शेजारणीकडे रवाना. तिच्या नवऱ्याच्या, ताउनोच्या ओठाखालची तंबाखूसुद्धा एक तारखेला सकाळी सुटायची, आणि तंबाखू सुटली की हा माणूस दोन आठवडे असा काही फणफणायचा, की गोठ्यातल्या गाईही त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. "ह्याच्यापरीस नवरा नसलेला बरा," असं सायमा दरवर्षी एकदा तरी म्हणायचीच. गेल्या वर्षीही म्हणाली होती.

पंधरा तारखेला हरणांचा मोसम उघडायचा. त्याआधी दोन दिवस ताउनो, त्याचा धाकटा भाऊ ओन्नी आणि दोघांचा खाणीतला जुना सोबती हॅरी पेनहेल असे तिघं देवदारांच्या दलदलीपलीकडे कॅम्पावर जायचे. कॅम्प म्हणजे ओंडक्यांची एक खोली, तिच्याशेजारी वाफेच्या अंघोळीची सौना, आणि झाडीत तीन दिशांना तीन मचाणं. दहा दिवस तिथं राहायचं, खायचं, झोपायचं, आणि तरी हरणाला माणसाचा पत्ता लागू द्यायचा नाही. हरणाचे डोळे बेताचेच. कान फसवता येतात. नाक मात्र कुणाच्या बापाला फसलेलं नाही.

नाकासाठी सगळे नेम सासऱ्यानं, म्हाताऱ्या इसाक्कीनं, घालून दिलेले. कॅम्पात चरबी तळायची नाही. लघवीला बसायचं तर वारं बघून, लांब. सौनात अंगावर झोडायला बर्चच्या डहाळ्या नाहीत, देवदाराच्याच घ्यायच्या, म्हणजे कातडीला दलदलीचा वास लागतो. कॉफी तेवढी चालायची. कॉफीचं कसं, असं कुणी विचारलं तर म्हातारा म्हणायचा, "तेवडी सवय हरनांनी करून घ्यायला पायजे. आपुन बी त्यांच्यासाटी किती करतो."

आणि सगळ्यांत मोठा नेम कॅनचा. ज्याचा त्याचा एक दुधाचा कॅन, कमरेएवढा, पत्र्याचा, दोन कानांचा, झाकण मुठीनं ठोकून बसवायचं. सायमानं धुतलेले लोकरी कपडे त्यात भरून न्यायचे. ट्रकचा रस्ता संपतो तिथं फाटक, फाटकाशी तीन बाजूंनी फळ्या मारलेलं छप्पर. तिथं गावातून आलेले कपडे उतरवायचे, भर थंडीत उघड्या अंगानं उड्या मारत कॅनमधले धुतलेले चढवायचे, आणि काढलेलं सगळं, गंजीफ्रॉकापासून पायमोज्यांपर्यंत, त्याच कॅनमध्ये कोंबून झाकण ठोकायचं. कॅन तिथंच छपराखाली. पुढे अर्धा मैल पायी. दहा दिवसांनी परतताना सगळं उलट.

सायमानं हे छप्पर, ते फाटक, तो कॅम्प कधी पाहिला नव्हता. बाईनं कॅम्पात यायचं नाही, हाही इसाक्कीचाच नेम. पण त्या कॅम्पाची सगळी भिस्त तिच्या हातावर होती. चुलीच्या राखेत आणि खायच्या सोड्यात ती कपडे तीनदा उकळायची, चारदा खळबळायची, आणि गोठ्यापासून लांब, दलदलीकडून वारं येईल अशा दोरीवर वाळत घालायची. मग एकेक कपडा नाकाशी धरायची. बाहीच्या काखेत, कॉलरच्या आत. जरासा जरी माणूस राहिला असेल तर परत उकळत्या पाण्यात. शेवटी फर नावाच्या सुईपानी झाडाच्या डहाळ्यांच्या दोन मुठी कॅनच्या तळाशी टाकून वर घड्या रचायची. एकदा नवऱ्याचे कपडे धुवायला काढले की ती थांबायची नाही. कपाटातलं, खुंटीवरचं, गोठ्यातला कोट, टोपी, सगळंच धुऊन टाकायची. प्रवासात अंगावर घालायचा एक जोड तेवढा तसाच ठेवायची.

नाकाची देणगी तिला जन्मजात होती. सतराव्या वर्षी ती गावच्या दूध सोसायटीत कामाला लागली, ती या नाकाच्या जोरावर. शेतकरी कॅन घेऊन आले की ही झाकण उचलायची आणि दुधाकडे न बघता झाकणाच्या आतल्या बाजूला नाक लावायची. कॅनमधला सगळा वास आधी झाकणात गोळा होतो. एका श्वासात ती सांगायची, हे दूध संध्याकाळचं आहे, ह्या गाईनं रानकांदा खाल्लाय, ह्या घरात कुणीतरी आजारी आहे. ताउनो हाउताला पहिल्यांदा दूध घेऊन आला तेव्हा तिनं त्याचे दोन्ही कॅन परत पाठवले होते.

"काय झालं त्याला?" तो म्हणाला होता.

"रानकांदा."

"माज्या गाई रानात जात न्हाईत."

"मंग रात्री गोठ्यात येऊन कोन खातंय? तू?"

दुसऱ्या दिवशी तो परत आला, आणि कॅनच्या आधी आपली टोपी तिच्यापुढे धरून म्हणाला, "आदी ह्ये तपासा, मास्तरीनबाई." टोपीला गोठ्याचा, तंबाखूचा आणि कसल्यातरी मलमाचा वास होता. सायमानं ते दूध चांगलं म्हणून लिहिलं. चांगलं होतंही.

त्याला चाळीस वर्षं झाली. गेल्या सतरा नोव्हेंबरला दुपारी मचाणावरून उतरताना ताउनो शिडीच्या खालच्या पायरीवर टेकला तो उठलाच नाही. ओन्नीनं आणि हॅरीनं त्याला चादरीत घालून अर्धा मैल उचलून फाटकापर्यंत आणलं, ट्रकात ठेवलं, गावात आणलं. अंत्यविधी करणाऱ्यानं त्याच्या अंगावरचे कपडे घडी करून सायमाच्या हातात दिले. तिनं ते तिथंच, सगळ्यांसमोर, नाकाशी नेले. सोडा. फर. गारवा. चार दिवस अंगावर राहूनही, रोज सौना घेतल्यामुळं, माणूस कुठंच नाही. तिचंच काम, एकदम चोख.

लेक कॅरोल डेट्रॉइटहून आली. आईला त्रास नको म्हणून पोरीनं घर आवरलं. चादरी, उशांचे अभ्रे, खुर्चीवरची घोंगडी, सगळं यंत्रात घातलं. "आई, मी सगळं स्वच्छ केलंय गं, तू आता कशाला हात लावू नकोस," असं म्हणाली तेव्हा घरभर दुकानच्या साबणातली गुलाबी कसलीतरी फुलं घमघमत होती. सायमा म्हणाली, "बरं केलंस बाळा." मग गोठ्यात जाऊन एक तास बसली.

त्यानंतरचं वर्ष तिनं कसं काढलं ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. माणूस गेला, हे तिला कळत होतं. पण तो गेल्यावर मागे जो थोडा थोडा उरतो, कोटाच्या अस्तरात, उशीच्या खोळीत, तो तिच्या वाट्याला आलाच नाही. इतर विधवा कपाट उघडून रडायच्या. हिच्या कपाटात सोडा होता. तिनं ट्रकच्या सीटची शिवण हुंगली, डिझेल. त्याचा वस्तरा हुंगला, लोखंड. एकदा गाईच्या मानेत तोंड खुपसून उभी राहिली, तो तिथंच हात ठेवून दूध काढायचा म्हणून. गाईला गाईचा वास होता. तिला त्याचा चेहरा आठवत होता, आवाज आठवत होता, पण वास आठवून आणता येत नाही. तो आला तरच येतो. आणि ज्या नाकानं चाळीस वर्षं वाटेल त्याची चुगली केली, ते आता मुकं झालं होतं.

एकदा तिनं ओन्नीला विचारलं होतं, "जाताना अंगावर जे घालून गेला हुता, ते कुठं हाय?"

"त्या गडबडीत कुठं पडलं काय ठाव," ओन्नी म्हणाला होता, आणि कॉफी अर्धी टाकून उठला होता.

यंदा चार नोव्हेंबरला त्याचा ट्रक दारात येऊन थांबला. मागचं फळकूट पाडून त्यानं दोन कॅन खाली उतरवले.

"वैनी, धुशील का गं यंदा? न्हाई म्हनलीस तरी चालंल. हॅरी म्हनतोय, मी धुतो. पन त्यो धुनार म्हंजे हरनं रातोरात कॅनडा गाठतील."

सायमा हसली नाही. ती कॅनकडे बघत होती. दोन कॅन मोजायला कितीसा वेळ लागतो, पण ती मोजतच राहिली.

"तिसरा कुठाय?"

"कंचा तिसरा?"

"शानपना करू नगंस. सोसायटीतनं मी तीन कॅन आनले हुते, माज्या नावावर. ताउनोचा कुठाय?"

ओन्नीनं बुटाच्या टोकानं चिखल उकरला. एकसष्ट वर्षांचा बाप्या, पण आता अंगठे धरून उभा केल्यासारखा दिसत होता.

"तितंच हाय. फाटकाशी, छपराखाली."

"रिकामा?"

ओन्नी मागचं फळकूट परत वर चढवायला वळला.

"ओन्नी. रिकामा हाय का भरल्याला?"

"भरल्याला."

सायमाच्या हातात ओलं फडकं होतं. ते तिनं त्याच्या तोंडावर फेकलं. त्यानं चुकवलं नाही.

"म्हंजे मी इच्यारलं तवा खोटं बोल्लास."

"व्हय."

"माज्या सैपाकघरात बसून. माजीच कॉफी ढोसत."

"व्हय वैनी."

"कशापायी रं?"

ओन्नीनं फडकं खांद्यावरून काढून नीट घडी घातली. "फाटकाशी कॅन हाय म्हंजे मानूस आत हाय. आमी ल्हानपनापास्नं ह्येच बगितलंय. आबा यायचे, कॅन मोजायचे, म्हनायचे, दोघं आत हायती. मागनं कॅम्प बंद कराया गेलो तवा दादाचा कॅन तितं हुता. उचलाया गेलो आनि हातच चालंना. म्हनलं ऱ्हाऊ दे. कॅन हाय तवर दादा आत हाय."

सायमा पायरीवर बसली.

"उघडलास?"

"न्हाई. शप्पत. जूनमदी यकदा झाकनावर हात ठिवला हुता. नुसता ठिवला."

"मला न्हे."

"मी आनून देतो की. आत्ता जातो, संध्याकाळपतुर—"

"ह्या ट्रकात? डिझेल, तुजं कुत्रं, आनि वर तू. धक्क्यानं झाकन सैल झालं तर मी काय तुजं थोबाड हुंगू? मला तितं न्हे. तितंच उघडनार."

"वैनी, कॅम्पात बाई…"

"काय बाई?"

"आबांचा नेम हाय. बाईच्या वासानं हरनं…"

"माजा वास?" सायमा उठून उभी राहिली. "माज्या धुन्यावर तुमी चाळीस वर्सं हरनं मारलीत. आपल्या गंजीफ्राकाला इच्यार जा, वास कुनाचा येतो त्ये!"

ओन्नी कॅन घरात ठेवून मुकाट्यानं निघून गेला, तेव्हा ती गोष्ट ठरली होती.

मग सायमानं जे केलं ते तिनं आयुष्यात फक्त पुरुषांसाठी केलं होतं. तिनं स्वतःला धुवायला काढलं. कांदा, लसूण, मासा, वेलदोडा तर आधीच बंद होते. तिनं कॉफीही सोडली, आणि तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की तंबाखू सुटलेल्या ताउनोला ती इतकी वर्षं काय काय बोलली होती ते तिला आठवलं. केस सोड्यानं धुतले. आपले लोकरी कपडे तीनदा उकळून दोरीवर घातले. पुरुष हे सगळं हरणानं आपल्याला हुंगू नये म्हणून करायचे. तिला स्वतःचा वास मध्ये यायला नको होता. दोन श्वास मिळतील, फार तर तीन, हे तिला सोसायटीतल्या दिवसांपासून माहीत होतं. सकाळी पहिले दहा-बारा कॅन नाक खरं बोलतं, पुढे ते थकतं. एकाच वासाला तर तिसऱ्या श्वासाला थकतं. त्या दोन श्वासांत आपलाच कांदा नको.

रात्री झोप लागायची नाही ती वेगळ्याच धास्तीनं. उन्हाळ्यात पत्रा तापला असेल. पायमोजे ओले असतील तर बुरशी. उंदीर नाही शिरणार, झाकण ताउनोनं ठोकलंय. पण ताउनो घाईत असेल तर?

तेरा तारखेला तिघं निघाले. हॅरी वाटेत सलगम आणि बटाटा भरलेली पेस्टी खात होता, कारण फाटकापलीकडे त्याला ती खाता येणार नव्हती.

"खिडकी उघड," सायमा म्हणाली.

"भाईर शून्याखाली हाय सायमाबाई."

"तुज्या पेस्टीत कांदा हाय. उघड."

"आईगं," हॅरी खिडकी खाली करत म्हणाला, "आजपतुर हरनं बरी म्हनायची. ती निदान पळून जायाची."

फाटकाशी तिनं तो पाहिला. छपराखाली एकटा, झाकणावर झाडांची वाळकी सुईपानं आणि पातळसं बर्फ, पोटावर तिनंच कधीतरी लाल रंगानं काढलेला ताउनोचा 'त'. ती जवळ गेली नाही. दोन तास डिझेलमध्ये आणि पेस्टीत बसून आलेलं नाक तिला त्याच्यापुढे न्यायचं नव्हतं. पुरुष पलीकडे तोंड करून उभे राहिले, तिनं छपराआड कपडे बदलले, काढलेले आपल्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा लांब, दुसऱ्या टोकाला ठेवला.

"न्हाई उघडत?" ओन्नीनं विचारलं.

"उद्या. ऊन आल्यावर. गारठ्यात वास हलत न्हाई. आज सौना घेनार, झोपनार, नाक मोकळं करनार."

"आनि वारं असलं तर?"

"तर परवा."

कॅम्प तिनं मनात इतक्यांदा बघितला होता की खरा कॅम्प तिला लहान वाटला. पुरुषांनी सौनात आधी तिला जाऊ दिलं. देवदाराची डहाळी अंगावर मारून घेत ती वाफेत बसली. त्या फळीवर ताउनो बसत असणार, वरच्या कोपऱ्यात, कारण घरीही तो वरच बसायचा. फळी तिनं हुंगली. देवदार आणि चाळीस वर्षांची वाफ.

जेवायला उकडलेले बटाटे आणि राय धान्याची काळी भाकरी होती. ताउनोची बाज खिडकीखाली होती. त्यावर तिनं अंथरूण घातलं तेव्हा हॅरी म्हणाला, "त्या बाजंवर जरा जपून. ताउनो घोरायचा तो अजून लाकडात मुरल्याला हाय. मला ऐकू येतं."

"घोरायचा?" सायमा म्हणाली. "घरी न्हाई घोरायचा."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग ओन्नी हळूच म्हणाला, "वैनी, त्यो घोरायचा असा, की आमी कापूस घालायचो कानात." सायमानं चादरीची कड बाजेखाली खोचली. घरी ती आधी झोपायची. चाळीस वर्षं ती आधी झोपत आली होती.

सकाळी आभाळ मोकळं होतं. सायमानं काहीच खाल्लं नाही, गरम पाणीसुद्धा घेतलं नाही. नऊ वाजेपर्यंत ती दारात उभी राहून नुसतं दलदलीचं वारं आत ओढत होती. दहाला वारं पडलं. फांद्यांवरून थेंब गळायला लागले. ती आणि ओन्नी फाटकाकडे निघाले, ती पुढे, तो वीस पावलं मागे, कारण तिनं सांगितलं होतं, माज्या नाकाफुडं येऊ नगंस. हॅरी कॅम्पातच थांबला. दुपारी तो तिला गावात सोडणार होता.

छपरावर ऊन आलं होतं. कॅनवरचं बर्फ विरघळून पत्रा ओला चमकत होता. सायमा त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"मी फिरवू का झाकन? घट्ट असंल."

"मागं हो."

झाकण खरंच घट्ट होतं. घाई केली नव्हती त्यानं. तिनं दगड घेऊन कडेनं हळूहळू ठोकलं, सोसायटीत ठोकायची तसं, चारी बाजूंनी सारखं. झाकण हललं. तिनं श्वास सोडून दिला, छाती रिकामी केली, झाकण उचललं आणि उलटं करून त्याच्यात तोंड घातलं.

फर.

सुकलेला, जुना, गोडसर फर. तिच्याच हातच्या डहाळ्या. कपडे काढताना ताउनोनं त्या कॅनमध्येच राहू दिल्या होत्या, आणि वर्षभर, उन्हाळाभर, तापत्या पत्र्यात बसून त्यांनी सगळं गिळलं होतं. दुसरं काहीच नाही. पहिला श्वास गेला.

तिच्या तोंडातून एक आवाज आला. ओन्नी दोन पावलं पुढे आला आणि तिथंच थिजला.

वर चौकड्यांचा शर्ट होता. तिनं तो उचलला. फर. विजार. फर, आणि कडेला जरासं गाडीचं तेल. विजारीच्या आत एक घट्ट वळकटी होती. ताउनो थंडीत उड्या मारत कपडे काढायचा तेव्हा आतले सगळे एकदमच खाली ओढायचा, घरीही, आणि ती वळकटी तशीच पायानं कोपऱ्यात ढकलायचा. त्यावरून तिनं त्याला किती वेळा झापलं होतं. तिनं वळकटी उलगडली नाही. मधोमध दोन बोटं घालून तिनं ती जेमतेम फाकवली, गंजीफ्रॉकाची काख वर आली, आणि तिनं दुसरा श्वास घेतला.

गोठा. ओठाखालची तंबाखू नाही, ती दोन आठवड्यांपूर्वीच सुटली होती. पण तंबाखू सुटलेल्या माणसाचा तो आंबूस, चिडका घाम. मलम. आणि त्या सगळ्याच्या खाली, जे कशासारखंच नव्हतं, ज्याला सोसायटीच्या वहीत लिहायला शब्द नव्हता, ते. तो. तिच्या मानेमागे येऊन उभा राहिल्यासारखा.

तिनं तिसरा श्वास घेतला आणि तो फिका होता. चौथा घेतला नाही. वळकटी मिटून, मुठीत दाबून धरली, डोळे मिटून बसली.

मागून ओन्नीचा आवाज आला. "हाय का?"

तिनं मान हलवली.

"बरं," ओन्नी म्हणाला. तो तसाच उभा होता, हात कुठं ठेवावे ते न कळल्यासारखा. मग अगदी खालच्या आवाजात तो म्हणाला, "वैनी… मला… यकदाच."

सायमानं डोळे उघडले. दर वेळी वळकटी उघडली की थोडा जाणार. हाताची ऊब लागली की थोडा जाणार. हे तिच्याइतकं जगात कुणाला माहीत होतं? एका श्वासाची किंमत तिला कळत होती, आणि हा माणूस वर्षभर तिच्याशी खोटं बोलला होता.

"उद्या मचानावर बसायचंय तुला," ती म्हणाली. "तोंडाला दादाचा वास घेऊन बसशील. सात मैलांत हरन फिरकायचं न्हाई."

"नगं फिरकू दे."

तो तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला. टोपी काढली. तिनं वळकटी त्याच्यापुढे धरली आणि दोन बोटांनी फाकवली. "छाती रिकामी कर आदी. हां. आता."

ओन्नीनं श्वास घेतला. त्याचे खांदे हलले, आणि त्यानं तोंड वर काढलं नाही. एकच श्वास म्हणाला होता. त्यानं दुसरा घेतला, तिसरा घेतला, तोंड लोकरीत आणखी खोल घातलं. त्याच्या नाकाला आता काही लागत नसणार, हे सायमाला माहीत होतं. तो नुसता धरून बसला होता. जाऊ दे, असं ती मनात म्हणाली, आणि वळकटी मागे ओढली नाही.

शेवटी त्यानं स्वतःच सोडली. बाहीनं तोंड पुसायला गेला आणि थांबला, पुसलं नाही.

"घरी न्हेऊ या?" त्यानं विचारलं. "सावकास चालवतो ट्रक. कुत्रं आन्लं न्हाई म्या."

तिला घर आठवलं. कॉफी, वेलदोडा, गोठा, कॅरोलची फुलं. चार महिन्यांत ते घर हा एवढासा वास गिळून ढेकरही देणार नव्हतं. इथं गारवा होता, पत्रा होता, आणि मैलभर माणसाचा वास असा नव्हताच.

"हितंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पन त्या डहाळ्या काढ."

ओन्नीनं कॅन आडवा करून तळातल्या फरच्या काड्या, सुया, चुरा, सगळा बाहेर काढला, बोटांनी खरवडून काढला. विजार आणि शर्ट तिनं बाजूला काढले; ते धुवायला चालले असते. वळकटी तिनं हातात नाही, मांडीवरही नाही, झाकणाच्या उलट्या खोलगट भागात ठेवली होती, अंगाची ऊब लागू नये म्हणून, आणि वर विजार पांघरली होती.

"ठिवतीस ना आत?"

"थांब जरा."

"काय झालं?"

"नाक परत याया लागतं. पाव तास. मोकळ्या वाऱ्यात." ती छपराच्या खांबाला टेकून बसली, कॅनकडे पाठ करून, तोंड दलदलीकडे. "अजून एक घ्येनार हाय मी. मंग ठोक झाकन."

झाडीतून हॅरीची हाक आली, सायमाबाई, निघायचं का, उशीर व्हतोय.

"त्याला म्हनावं, थांब," सायमा म्हणाली.

ओन्नी उठला, वाटेच्या वळणापर्यंत गेला आणि तिथंच आडवा उभा राहिला. सायमानं डोळे मिटले. दलदलीवरून गार, ओली, माणसाचा मागमूस नसलेली हवा येत होती. ती सावकाश आत घेत होती आणि सावकाश सोडत होती.